कर्नाटक बुडालं की महाराष्ट्र? सीमाभागातल्या एका भांडणाचा हिशेब

निपाणी, खानापूर, बेळगाव, कुठल्याही चहाच्या टपरीवर हा वाद ठरलेला. एकजण म्हणतो, "बायकांना दोन-दोन हजार वाटून कर्नाटक बुडालं की ओ." दुसरा लगेच, "मग महाराष्ट्रात काय पैशाची झाडं लागल्यात? त्यांचं कर्ज आपल्यापेक्षा जास्त हाय बघा." चहा संपतो, वाद तसाच राहतो.

गंमत म्हणजे आकड्यांपुरतं दुसऱ्याचं बरोबर आहे. मार्च २०२५ मध्ये दोन्ही राज्यांचे अर्थसंकल्प तीन दिवसांच्या अंतराने आले. ७ तारखेला कर्नाटकात सिद्धरामय्यांनी आपला सोळावा अर्थसंकल्प मांडला. त्यात राज्याची एकूण देणी वर्षाअखेर ७ लाख ६४ हजार कोटींवर जातील असं लिहिलं होतं. १० तारखेला अजित पवारांनी महाराष्ट्राचा मांडला, तिथला आकडा सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी. म्हणजे महाराष्ट्र जास्त कर्जबाजारी?

नाही. पाच एकरवाल्याचं पाच लाखांचं कर्ज आणि पन्नास एकरवाल्याचं सात लाखांचं कर्ज आपण एका तागडीत घालत नाही. राज्याची जमीन म्हणजे त्याचं वर्षाचं एकूण उत्पादन: ऊस, फौंड्री, आयटी, दुकानदारी, सगळं मिळून. कर्नाटकाचं ते साधारण ३० लाख कोटी, महाराष्ट्राचं ४९ लाख कोटींच्या पुढे. त्या मापाने कर्नाटकाचं कर्ज २४.९१ टक्के आणि महाराष्ट्राचं १९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रुपयात महाराष्ट्र पुढे आणि ओझ्यात कर्नाटक.

त्या २४.९१ वर जरा थांबू. कर्नाटकाने २००२ साली स्वतःच्या हातापायांना दोरी बांधून घेणारा वित्तीय उत्तरदायित्व कायदा केला. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य, केंद्राचा कायदा त्यानंतर, २००३ चा. या कायद्याने कर्जाची मर्यादा उत्पादनाच्या २५ टक्के आणि वर्षाच्या तुटीची ३ टक्के ठरली. २०२५-२६ ची तूट किती दाखवली? २.९५ टक्के. मर्यादेला इतके चिकटून बसलेले दोन आकडे योगायोगाने येत नसतात. आधी मर्यादा बघायची आणि मग खर्चाला कात्री लावायची किंवा तो सैल सोडायचा, असंच ते जमवलेलं असतं. यात बेकायदेशीर काही नाही. पण ठेकेदारांची थकलेली बिलं आणि महामंडळांचे सरकारकडे अडकलेले पैसे या टक्केवारीत दिसत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

शंभर रुपये उसने काढले, गेले कुठे?

आता कर्ज किती हा प्रश्न बाजूला ठेवून कशासाठी हा विचारू. इथे खरी गोम आहे, आणि टपरीवर हे कुणी विचारत नाही.

कर्नाटकाच्या त्या अर्थसंकल्पाचा आकार ४ लाख ९ हजार ५४९ कोटी. त्यातले १ लाख १६ हजार कोटी उसने काढायचे ठरले. खर्चाचे तीन कप्पे होते. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, योजना हा रोजचा खर्च, ज्याला महसुली खर्च म्हणतात, तो ३ लाख ११ हजार ७३९ कोटी. रस्ते, कालवे, इमारती हा भांडवली खर्च ७१ हजार ३३६ कोटी. आणि जुन्या कर्जाची मुद्दल फेडायला २६ हजार ४७४ कोटी. करातून, केंद्राकडून आणि इतर मार्गांनी येणारं उत्पन्न मात्र २ लाख ९२ हजार ४७७ कोटी. म्हणजे रोजचा खर्चच उत्पन्नापेक्षा १९ हजार २६२ कोटींनी जास्त. याला महसुली तूट म्हणतात.

आता उसन्या पैशाची फोड करा. दर शंभर रुपयांतले जवळपास २३ जुनी मुद्दल फेडण्यात गेले, १६-१७ रुपये रोजचा खर्च भागवण्यात, आणि उरलेले साठ रुपये रस्ते-कालव्यांकडे. विहीर पाडायला कर्ज काढलं तर पाणी लागल्यावर पीक वाढतं आणि हप्ता निघतो. लग्नाला काढलं तर जेवणावळीनंतर फक्त हप्ता उरतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला महसुली तुटीवरचा सगळा राग या एका फरकातून आलेला आहे.

पण हा फरक वाटतो तितका सरळ नाही. अर्थसंकल्पात एखादा खर्च भांडवली म्हणून लिहिला म्हणजे ती विहीर झालीच असं नव्हे. बेळगावजवळच्या हलग्याचं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी उद्घाटन केलं, खर्च भांडवली खात्यात. विधिमंडळाचं अधिवेशन तिथे डिसेंबरमध्ये काही दिवस भरतं. त्या इमारतीवर आपल्या मराठी माणसाचा राग वेगळ्या कारणाने आहे, तो सोडा. निव्वळ हिशेबाने बघितलं तरी तिने उत्पादन किती वाढवलं? उलट खानापूरच्या जंगलपट्टीतली पोर मोफत बसने रोज कॉलेजला जाते तो खर्च महसुली, म्हणजे पुस्तकाच्या भाषेत खाऊन टाकलेला. दहा वर्षांनी ती कमावती झाली तर त्याला काय म्हणायचं? खात्याचं नाव बघून निकाल लावणाऱ्यावर, तो कितीही शिकलेला असो, माझा विश्वास नाही.

आणि हे कर्ज आहे कुणाचं? "जागतिक बँकेकडे देश गहाण पडला" हे वाक्य निवडणुकीच्या सभेत छान वाजतं. प्रत्यक्षात केंद्राच्या एकूण देण्यांत परदेशी कर्ज पाच टक्क्यांच्या आसपास आहे, बाकी सगळं घरचं. सरकार रोखे काढतं आणि बँका, एलआयसी, भविष्यनिर्वाह निधी ते विकत घेतात. राज्यांच्या रोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक साधारणपणे मंगळवारी करते. प्रत्येक बँकेला, आपल्या गावातल्या नागरी सहकारी बँकेलाही, ठेवींच्या १८ टक्के इतकी रक्कम मुख्यतः अशा सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते. म्हणजे तुमची एफडी किंवा एलआयसीची पॉलिसी असेल तर सरकारने थोडे पैसे तुमच्याकडूनही घेतलेत. "सरकारचं कर्ज बुडवा" म्हणणाऱ्याने आधी आपलं पासबुक उघडून बघावं.

म्हणूनच "प्रत्येक माणसाच्या डोक्यावर इतकं कर्ज" हा भागाकार मला फसवा वाटतो. त्यात येणं कुणाचं हे लिहिलेलंच नसतं. शिवाय सरकार म्हातारं होत नाही. ते जुनं कर्ज फेडायला नवं काढतं आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतं. समजा कर्ज १०० आणि राज्याचं उत्पादन ४००, म्हणजे ओझं २५ टक्के. व्याज ७ टक्के, उत्पादनाची वाढ महागाई धरून १० टक्के. एक रुपयाही फेडला नाही आणि व्याजसुद्धा कर्ज काढूनच भरलं, तरी वर्षाने कर्ज १०७ आणि उत्पादन ४४०. ओझं २४.३ टक्क्यांवर उतरलं. वाढ व्याजापेक्षा जास्त असेपर्यंत गाडी चालते. अडचण येते ती वाढ मंदावते तेव्हा, किंवा व्याज इतर खर्चाचा घास हिरावून घ्यायला लागतं तेव्हा.

केंद्राची तीच स्थिती आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तूट १५.६९ लाख कोटी, त्यात निव्वळ व्याजाचे १२.७६ लाख कोटी. सरकारच्या महसुली उत्पन्नातले शंभरातले ३७ रुपये व्याजालाच गेले. कर्नाटकाचं व्याज ४५ हजार कोटींच्या घरात, म्हणजे शंभरातले साधारण १५-१६. बाजारात कुणी "देश बुडाला" म्हणालं तर एकूण कर्जाच्या लाख कोटींपेक्षा ही दोन टक्केवारी विचारा.

तीन राज्यांच्या पंपावर

कराचा विषय पुस्तकात वाचण्यापेक्षा आपल्याकडे डोळ्यांनी बघता येतो. बेळगावातून उत्तरेला निघालात तर कोगनोळी ओलांडली की कागल, पश्चिमेला चोर्ला घाट उतरला की गोवा. गाडीची टाकी तीच, करव्यवस्था तीन.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि साबणापासून सिमेंटपर्यंत बहुतेक वस्तूंचा कर देशभर एक झाला. दर ठरवण्याचा राज्यांचा अधिकार बहुतांशी दिल्लीतल्या जीएसटी परिषदेकडे गेला. राज्याच्या हातात मोठं असं उरलं काय? पेट्रोल-डिझेल, दारू, जमीन-घराच्या व्यवहारावरचं मुद्रांक शुल्क आणि वाहन कर. म्हणून राज्य सरकारला पैशाची चणचण भासली की दर वेळी याच चारांपैकी काहीतरी महागतं.

पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क देशभर सारखंच. फरक पडतो तो राज्याच्या करामुळे. अनेक वर्षं कर्नाटकाचा कर महाराष्ट्रापेक्षा बेताचा होता. त्यामुळे कोल्हापूरकडच्या गाड्या निपाणीच्या पंपांवर टाक्या फुल करून जायच्या, आणि पुणे-बेंगळूर हायवेवरचे ट्रकवाले डिझेलचा हिशेब सीमा बघूनच ठेवायचे. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला, डिझेलवरचा १४.३ वरून १८.४. पेट्रोल लिटरमागे तीन रुपयांनी महागलं. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलचा कर पुन्हा वाढून २१.१७ टक्क्यांवर गेला.

मंत्री सांगतात, इतके टक्के वाढवले म्हणून इतके कोटी जादा येतील. बेंगळूरच्या मधोमध असलेल्या पंपाला हे लागू पडतं, कारण तिथला माणूस टाकी भरायला तामिळनाडूला जात नाही. सीमेवरच्या पंपाला मात्र नाही. दोन राज्यांतला फरक मिटला की ट्रकवाल्याला निपाणीतच थांबायचं कारण उरत नाही. कर वाढला, लिटर घटले. कराचा दर आणि कराचं उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला सीमाभागातल्या माणसाला आलेख काढून दाखवावा लागत नाही.

दारूचं तर विचारूच नका. गोव्यात कर कमी, म्हणून दारू स्वस्त, म्हणून कणकुंबीच्या नाक्यावर डिक्क्या उघडल्या जातात. कर्नाटकाने जुलै २०२३ मध्ये दारूवरचं अबकारी शुल्क २० टक्क्यांनी वाढवलं होतं. कर जितका चढवाल तितका चोर्ल्याचा घाट फायद्याचा होत जातो. त्यामुळे वाढीव करातला काही भाग नाक्यावरच्या पोलिसांच्या पगारातच जातो, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

तरीही सरकार दारू सोडत नाही, का? २०२५-२६ मध्ये अबकारीतून ४० हजार कोटी मिळवायचं उद्दिष्ट होतं. गृहलक्ष्मीला, म्हणजे घरातल्या कर्त्या बाईला महिना दोन हजार देणाऱ्या योजनेला, तरतूद २८ हजार ६०८ कोटी. कराचा पैसा असा नावं घालून वाटला जात नाही, सगळा एकाच तिजोरीत पडतो, हे खरं. तरी नवऱ्याच्या खिशातून संध्याकाळी जे गेलं त्यातलंच थोडं महिन्याने बायकोच्या खात्यावर आलं, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात तेव्हा अर्थखात्याला उत्तर द्यायला अवघड जाईल.

शून्य रुपयांचं तिकीट

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून खानापूरची गाडी पकडा. कंडक्टर बायकांनाही तिकीट फाडून देतो, फक्त भरायची रक्कम शून्य. बऱ्याच जणी ते तिकीट लगेच चुरगळून टाकतात, कारण पैसेच दिलेले नाहीत तर जपायचं कशाला. पण बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या सगळ्या शक्ती योजनेत त्या चिठोऱ्याइतकं महत्त्वाचं काहीच नाही. त्यावरूनच महामंडळ ठरवतं की किती बायका, किती अंतर, आणि सरकारकडून किती पैसे मागायचे. म्हणून तर शून्याचं तिकीटही न देणाऱ्या कंडक्टरला तपासनीस धारेवर धरतो. हेस्कॉम या वीज कंपनीचं गृहज्योतीचं, म्हणजे घरगुती मोफत विजेच्या योजनेचं, बिलही तसंच. देय रक्कम शून्य, पण युनिटांचा आकडा छापलेला. तो आकडा सरकारच्या नावावर लागतो.

फुकट म्हणजे पैसे देणारा बदलला, एवढंच. जून २०२३ मध्ये शक्ती सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या बसचं भाडं १५ टक्क्यांनी वाढलं, आणि त्याच सुमाराला चारही परिवहन महामंडळांना डिझेल आणि भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी भागवण्यासाठी २ हजार कोटींचं कर्ज काढायला सरकारने मंजुरी दिली. वाढलेलं भाडं खिशातून पुरुषांनी भरायचं. बायकांच्या तिकिटाचं वाढीव भाडं सरकारने, म्हणजे पुन्हा करदात्याने. आणि महामंडळाचं कर्ज पुढच्या वर्षांनी.

गृहलक्ष्मी, शक्ती, गृहज्योती धरून कर्नाटकाच्या पाच हमी योजनांची २०२५-२६ ची तरतूद मिळून ५१ हजार ३४ कोटी. २०२३-२४ च्या हिशेबावर महालेखापालांनी म्हटलंय की त्या वर्षी राज्याच्या महसुली खर्चातला १५ टक्के वाटा या योजनांनी घेतला, आणि भांडवली खर्च आदल्या वर्षीपेक्षा खाली आला. योजनांच्या विरोधकांचं हे सर्वात भक्कम हत्यार. बाजूने बोलणारे म्हणतात, बाईच्या हातातले दोन हजार शेअर बाजारात जात नाहीत. ते वडगावच्या कापडदुकानात, शनिवारच्या बाजारात, पोराच्या फीमध्ये जातात आणि त्यावर पुन्हा जीएसटी मिळतो. दोन्ही खरं आहे. मात्र फिरून येणारा कर हा दिलेल्या पैशाचा लहान तुकडा असतो, सगळी रक्कम परत येत नाही, एवढं त्या दुसऱ्या बाजूवाल्यांनी मान्य करायला हवं. आणि पहिल्या बाजूवाल्यांनी दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षं फुकट आहे हेही त्याच यादीत लिहावं. तिथे कुणी रेवडी म्हणत नाही, कारण बोलणाऱ्याच्या विहिरीवर तो पंप असतो.

सीमेपलीकडे महाराष्ट्राने २०२४ मध्ये लाडकी बहीण आणली. चंदगडच्या बहिणीला १,५००, बेळगावच्या बहिणीला २,०००. एसटीत तिला निम्मं तिकीट, हिला शून्य. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना तिकडेही मोफत वीज. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण मतदार बाईच्या खात्यात थेट पैसे टाकायचे यावर दोन्ही सरकारांचं एकमत आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राने लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी ठेवले आणि महसुली तूट दाखवली ४५ हजार ८९१ कोटींची, कर्नाटकाच्या दुपटीहून जास्त. म्हणजे कर्जाचं ओझं महाराष्ट्राचं हलकं, पण रोजच्या खर्चातलं भोक तिकडे मोठं. टपरीवरच्या दोघांनाही थोडंथोडं मिळालं.

दिल्लीशी भांडण, बेंगळूरशी भांडण

फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाचं अख्खं मंत्रिमंडळ दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसलं. म्हणणं असं की आम्ही शंभर रुपये कर देतो, परत येतात बारा-तेरा. केंद्राच्या वाटणीयोग्य करातले ४१ टक्के राज्यांना मिळतात. त्यात कुणाचा वाटा किती हे वित्त आयोग ठरवतो. चौदाव्या आयोगाने कर्नाटकाला ४.७१३ टक्के दिले होते, पंधराव्याने ३.६४७. कारण सूत्रात ४५ टक्के वजन एकाच गोष्टीला: राज्याचं दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्याच्या किती खाली आहे. बेंगळूरमुळे कर्नाटकाची सरासरी वर गेली आणि वाटा खाली आला. एप्रिल २०२६ पासूनच्या सोळाव्या आयोगाने राज्याच्या योगदानालाही वजन दिलं आणि वाटा पुन्हा चारच्या पुढे नेला. उपकर आणि अधिभार मात्र वाटणीयोग्य करांत धरतच नाहीत. ते सगळे केंद्राकडे राहतात, आणि राज्यांची ही तक्रार मला रास्त वाटते.

शंभराला तेरा हा आकडा मात्र थोडा सैल आहे. कंपनीचा आयकर जिथे तिचं मुख्य कार्यालय तिथे जमा दिसतो. बेंगळूरच्या कंपनीने देशभर आणि देशाबाहेर कमावलेल्या नफ्याचा कर कर्नाटकाच्या नावावर पडतो, जसा मुंबईतल्या कंपन्यांचा महाराष्ट्राच्या नावावर.

आणि हाच सवाल उत्तर कर्नाटक बेंगळूरला विचारत आलंय. २००२ साली नंजुंडप्पा समितीने राज्यातले ११४ तालुके मागास ठरवले, त्यातले बरेचसे आपल्याच बाजूचे. बेंगळूर म्हणतं, कमावतो आम्ही आणि वाटता तुम्हाला. दिल्लीत जाऊन "श्रीमंत राज्याला शिक्षा नको" म्हणणारं सरकार बेळगावच्या अधिवेशनात "श्रीमंत शहराने मागास भागाला द्यावं" म्हणतं. दोन्ही भाषणं लिहिणारा अधिकारी एकच असेल तर त्याची कमाल आहे.

मराठी माणसाचा प्रश्न यात आणखी एका पायरीने अडकलाय. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, आणि कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जाहीर विरोध केला. त्या योजनेचा पैसा सांगली-साताऱ्याच्या करदात्याचा, आणि लाभ घेणाऱ्याच्या पेट्रोलचा कर बेंगळूरच्या तिजोरीत. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमावादाचा दावा निकाली निघेल तेव्हा निघेल. वित्त आयोगाच्या सूत्रात अशा माणसासाठी वेगळा रकाना नाही. २०११ च्या जनगणनेत तो जिथे मोजला गेला, तिथल्याच राज्याच्या वाट्यात तो धरला जातो.